ग्राहकाच्या कृतींची नोंद : संगणकीय ‘घटना’ या संज्ञेचा इतिहास

महाराष्ट्रातील जुन्या पेढीवर व्यवहाराच्या नोंदीसाठी दोन वह्या मुख्य असत. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने देवघेव उतरत असे. खतावणीत तीच देवघेव माणसांच्या नावांखाली पुन्हा मांडली जाई. ह्या दोन्ही वह्यांचा नियम एकच होता : जे घडून पुरे झाले, तेवढेच लिहावयाचे. दुपारभर बसून दहा तागे उलगडावयास लावणारे आणि अखेर काहीच न घेता उठून जाणारे गिऱ्हाईक दुकानदाराच्या स्मरणात राही. वहीत मात्र त्याला जागा नसे. पुढे यंत्रे आली तरी हा नियम बदलला नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय येथील एका बाजारदुकानात पट्टीसंकेत वाचणाऱ्या यंत्राने पहिली वस्तू, च्युइंगगमचे एक पाकीट, नोंदविली. ती नोंदही विक्रीचीच होती. ‘ग्राहक’ म्हणजे घेणारा. गिऱ्हाईक हा त्याच शब्दाचा झिजलेला अवतार. जो घेत नाही तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने ग्राहकच नव्हे, आणि वह्याही हीच व्युत्पत्ती पाळीत होत्या.

न घेता उठून गेलेला हा मनुष्य वहीत प्रथम शिरला तो संगणकाच्या जाळ्यावर. आज एखाद्या ॲपमध्ये ग्राहकाने कोणते चित्र पाहिले, कोणती वस्तू टोपलीत टाकून पुन्हा काढली, पैसे भरण्याच्या पानावरून तो कोठे परतला, ह्या प्रत्येक कृतीची एकेक नोंद होते. तिला त्या व्यवसायात ‘इव्हेंट’, म्हणजे घटना, असे म्हणतात. ही संज्ञा कशी घडली ह्याचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. परंतु त्याहून खोल गेलेला बदल वाक्याचा आहे. आरंभी नोंदीच्या वाक्याचा कर्ता यंत्र होते. तीन दशकांच्या आत तो मनुष्य झाला, आणि त्या मनुष्याने काय केले हे सांगणारे क्रियापद मात्र दुसऱ्याच कोणीतरी आधी ठरवून ठेवलेले होते.

प्रथम ‘लॉग’ ह्या शब्दाकडे पाहावे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधून पाण्यात सोडण्याचा लाकडी ओंडका, हा त्याचा मूळ अर्थ. वेगाच्या नोंदी ज्या वहीत होत ती लॉगबुक, आणि तेथून संगणकाच्या दैनंदिन नोंदींना हे नाव मिळाले. जागतिक जाळ्याचा, म्हणजे वेबचा, आरंभ जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९९० च्या सुमारास झाला. आणि इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए ह्या केंद्राने १९९३ मध्ये प्रसृत केलेल्या सर्व्हरमुळे नोंदीचा एक सर्वमान्य साचा रूढ झाला. त्या साच्यात सात घरे होती : मागणी करणाऱ्या यंत्राचा पत्ता, दोन प्रकारची ओळख (ही घरे बहुधा रिकामी राहून तेथे आडवी रेघ पडे), दिनांक व वेळ, मागणीची ओळ, उत्तराचा संकेतांक आणि पाठविलेल्या अक्षरमात्रेची मोजदाद. ह्या ओळीचे मराठीत वाक्य करावयाचे तर ते असे होईल : ‘अमुक यंत्राने अमुक वेळी अमुक फाइल मागितली व ती दिली गेली.’ मनुष्य येथे कोठेच नाही. ही वही ठेवणाऱ्याचा हेतूही मनुष्याला ओळखण्याचा नव्हता. सर्व्हर नीट चालतो की नाही, कोणती फाइल सापडत नाही, एवढेच त्यास पाहावयाचे असे.

तथापि वही हाती असली की तीतून ज्यासाठी ती लिहिलेली नाही असे प्रश्न विचारले जातात. इतिहासाच्या अभ्यासकांना हे सांगावयास नको. जमाखर्चाच्या कागदांतून समाजस्थिती वाचण्याचा त्यांचा उद्योग जुनाच आहे. केंब्रिज येथील स्टीफन टर्नर यांनी १९९५ मध्ये ‘अॅनालॉग’ नावाची आज्ञावली प्रसृत केली. ती लॉग वाचून सारांशाची कोष्टके तयार करीत असे. अशा कोष्टकांवरून भेटींचा अंदाज बांधता येई, पण तो अंदाजच. एका कार्यालयातील शंभर माणसे एकाच पत्त्यावरून येत; उलट मधल्या साठवणयंत्रात पानाची प्रत असली की दहा वाचकांनी पान पाहूनही मूळ सर्व्हरला त्याचा पत्ता लागत नसे. शिवाय ज्या संकेतव्यवस्थेवर वेब चालते ती विस्मरणशील होती : प्रत्येक मागणी तिच्या दृष्टीने पहिलीच. त्याच माणसाने दोन क्षणांपूर्वी काय मागितले होते, हे तिला ठाऊक नसे.

हे विस्मरण १९९४ मध्ये संपले. नेटस्केप ह्या कंपनीतील लू माँटुली यांनी त्या वर्षी ‘कुकी’ची योजना केली : सर्व्हरने ब्राउझरजवळ एक छोटी खूणचिठ्ठी ठेवावयाची आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझरने ती परत दाखवावयाची. युनिक्सच्या वापरकर्त्यांत ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीच रूढ होता, तोच येथे आला. निमित्त दुकानदारीचेच होते. एका ग्राहक-कंपनीस आपल्या विक्रीच्या स्थळावर अर्धवट राहिलेल्या खरेदीची आठवण स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावयाची नव्हती. सोय म्हणून निघालेल्या ह्या चिठ्ठीने नोंदवहीला प्रथमच कर्ता दिला. नावाचा नव्हे, पण ‘तोच तो’ एवढे म्हणता येईल असा.

ह्या टप्प्यावर एक संधी आली होती आणि ती दवडली गेली, हे नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल व लू माँटुली यांच्या नावाने कुकीचे पहिले प्रमाणपत्रक प्रसिद्ध झाले. वाचक ज्या स्थळावर आहे त्याखेरीज तिसऱ्याच कोणी कुकी ठेवू नये. तशी मुभा मुळात बंद असावी व वापरणाऱ्याने स्वतः उघडली तरच उघडावी, असा त्याचा आशय होता. त्या वेळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ही सूचना अमलात आणली नाही. जाहिरातीचा धंदा तोवर तिसऱ्याच्या चिठ्ठीवर उभा राहू लागला होता. प्रमाण कोणते आणि रूढी कोणती, ह्या भाषाशास्त्रातील जुन्या वादाचा निकाल बहुधा रूढीच्या बाजूने लागतो. येथेही तसाच लागला, आणि पुढील पंचवीस वर्षे त्याचे परिणाम भोगावे लागले.

पुढचे पाऊल नोंदीची जागा बदलण्याचे होते. सर्व्हरवर वाट पाहण्याऐवजी पानातच एक न दिसणारे, एका बिंदूएवढे चित्र किंवा जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा ठेवावयाचा, म्हणजे पान वाचकाच्या यंत्रावर उघडताच ते स्वतःच नोंदीसाठी निरोप पाठविते. मधल्या साठवणीचा अडथळा उरत नाही. सॅन दिएगो येथील अर्चिन ही कंपनी ह्या विद्येत पुढे होती. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली व त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘गूगल ॲनालिटिक्स’ विनामूल्य खुले केले. मागणी इतकी झाली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली. आजही जाहिरातीच्या दुव्यांना ‘यूटीएम’ ही अक्षरे चिकटलेली दिसतात. त्यातील ‘यू’ हा अर्चिनचा आद्याक्षर-अवशेष होय. कंपनी गेली, अक्षर राहिले. स्थलनामांत असे अवशेष पुष्कळ सापडतात.

परंतु इथवर नोंदीचे एकक ‘पान’ हेच होते. ते मोडले दोन कारणांनी. २००४ मध्ये आलेल्या जीमेलसारख्या रचनांत वाचक तासभर काम करी, पण पान एकदाच उघडे. आतील हालचाली पान न बदलताच होत. ह्या तंत्रास २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव दिले. दुसरे कारण म्हणजे जुलै २००८ मध्ये ॲपलने ॲपची पेठ उघडली आणि खिशातल्या फोनवर मूळ अर्थाने पान नावाची वस्तूच उरली नाही. तेव्हा पानाऐवजी कृती मोजणे भाग पडले. गूगल ॲनालिटिक्समध्ये २००७-०८ च्या सुमारास ह्यासाठी एक वेगळी आज्ञा आली. तीत वर्ग, क्रिया, चिठ्ठी व मूल्य अशी चार घरे होती.

येथे जो बदल झाला त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. लॉग आपोआप लिहिला जात होता आणि प्रश्न मागाहून विचारले जात होते. घटनेचे तसे नाही. ॲप बांधणाऱ्याने विशिष्ट कळीच्या मागे, विशिष्ट क्षणी, आपल्या हाताने एक ओळ लिहावी लागते : ‘हे झाले की असे कळव.’ जेथे ती ओळ नाही तेथे, नोंदीच्या दृष्टीने, काहीच घडले नाही. काय घडणे म्हणजे घटना, हे ती घडण्यापूर्वीच कोणीतरी ठरवून तिला नाव देतो. त्यामुळे यंत्राच्या इतिहासात प्रथमच नामकरण हा कामाचा सर्वांत कठीण भाग झाला. एकाच कंपनीत एकजण ‘साइन अप’ लिही, दुसरा ‘रजिस्टर्ड’, तिसरा ‘यूझर क्रिएटेड’. आणि वर्षअखेर तिघांची बेरीज करावयास बसलेल्यास हे तीन शब्द पर्याय आहेत की तीन भिन्न क्षण आहेत, हे सांगणारे कोणी उरत नसे. म्हणून घटनांची यादी आधी तयार करण्याची, म्हणजे नाव, नेमका क्षण व सोबतचे तपशील कोष्टकात बांधून ठेवण्याची प्रथा पडली. ती यादी म्हणजे एक कोशच, आणि कोशकाराच्या सर्व अडचणी तीत आहेत.

२००९ मध्ये सुरू झालेल्या मिक्सपॅनेलसारख्या सेवांनी पान सोडून घटनेलाच मुख्य एकक मानले. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने २०११ मध्ये निघालेल्या सेगमेंट ह्या कंपनीने डिसेंबर २०१२ मध्ये एक छोटी आज्ञावली खुली केली. प्रत्येक विश्लेषणसेवेसाठी वेगळी ओळ लिहिण्याचा खटाटोप तीमुळे वाचला : वाक्य एकदा उच्चारावयाचे, ऐकणारे कितीही असोत. तिच्यातील दोन आज्ञा महत्त्वाच्या. ‘ट्रॅक’ ही कृती सांगते, ‘आयडेंटिफाय’ ही कर्ता सांगते. ग्राहक अनामिक असताना त्याच्या कृती एका कृत्रिम क्रमांकाखाली साचत जातात. तो ज्या क्षणी आपले नाव देऊन आत येतो त्या क्षणी तो क्रमांक नावाशी जोडला जातो आणि आधीच्या कृतीही त्याच्या खाती लावता येतात. रोजकीर्दीवरून खतावणी झाली, असे जुना कारकून म्हणाला असता. पण न घेता गेलेल्याचेही खाते उघडणारी खतावणी त्याने पाहिली नव्हती.

सेगमेंटच्या पद्धतीत घटनेच्या नावासाठी प्रथम वस्तू व मग भूतकालवाचक क्रिया असा साचा सुचविलेला आहे : ‘प्रॉडक्ट ॲडेड’, ‘ऑर्डर कम्प्लीटेड’. ही रचना कर्मणी आहे. कर्त्याचा निर्देश नावात नाही, तो दुसऱ्या घरात आहे. मराठीभाषकास ही मांडणी परकी वाटू नये. ‘त्याने मागणी नोंदविली’ ह्या वाक्यात क्रियापद ‘मागणी’ला अनुसरते, ‘त्या’ला नव्हे. मात्र मराठीत ‘मागणी नोंदविली’ आणि ‘मागणी नोंदली गेली’ ह्यांत भेद करता येतो. इंग्रजी नावात तो बुजतो. ह्याचे व्यावहारिक परिणाम लहान नाहीत. ‘ऑर्डर कम्प्लीटेड’ ही ओळ आभाराच्या पानाला बांधली आणि ग्राहकाने ते पान पुन्हा उघडले, तर एकाच मागणीच्या दोन नोंदी होतात. ती ओळ सर्व्हरवर, पैसे जमा झाल्याच्या क्षणाला बांधली तर नोंद एकच होते, पण मग ती ग्राहकाच्या कृतीची राहते की यंत्राच्या, हा प्रश्न येतो. दोन्हींचे नाव एकच.

लंडनच्या स्नोप्लाउ ह्या संस्थेने २०१३ मध्ये हा प्रश्न उघडपणे व्याकरणाचा म्हणून मांडला. घटनेत कर्ता, क्रियापद, प्रत्यक्ष कर्म, अप्रत्यक्ष कर्म, शब्दयोगी पद आणि संदर्भ अशी घरे असावीत, असा तो प्रस्ताव होता. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास ह्यात कारकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही सहा कारके विभक्तीची रूपे नसून क्रियेशी असलेले संबंध आहेत. आणि माहितीच्या कोष्टकालाही संबंधच हवे असतात, प्रत्यय नव्हेत. हे साम्य ओढूनताणून वाढविण्याचे कारण नाही. लंडनच्या मंडळींसमोर शालेय युरोपीय व्याकरणच होते. तथापि एका बाबतीत कारकविचार अधिक उपयोगी पडतो. पाणिनीच्या मते क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. ह्या कसोटीवर ‘प्रॉडक्ट व्ह्यूड’, म्हणजे ‘वस्तू पाहिली’, ही अतिपरिचित घटना टिकत नाही. पान उघडले की ती नोंदली जाते. मनुष्याची नजर तेव्हा खिडकीबाहेर असू शकेल. जाहिरातींच्या मोजणीत हीच अडचण आल्यामुळे अमेरिकेतील मीडिया रेटिंग कौन्सिलने २०१४ मध्ये ठरविले की चित्राचे निदान ५० टक्के बिंदू सलग एक सेकंद पडद्यावर असले तर ते ‘दिसण्याजोगे’ मानावे. चलच्चित्रासाठी दोन सेकंद. ‘दिसण्याजोगे’ हे विशेषण प्रामाणिक आहे. व्यवहारात त्याचे लगेच ‘पाहिले’ होते, आणि स्वतंत्र नसलेल्या मनुष्याच्या माथी क्रियापद बसते.

अशी वाक्ये वहीतून बाहेर पडली म्हणजे काय होते, हे दोन प्रसंगांवरून समजते. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ ही योजना आणली. भागीदार स्थळांवर ग्राहकाने केलेली खरेदी नोंदून ती त्याच्या मित्रमंडळास वाक्यरूपाने, अमुक व्यक्तीने अमुक वस्तू घेतली अशी, दाखविली जाई. एका गृहस्थाने पत्नीस नकळत भेट देण्यासाठी घेतलेली अंगठी पत्नीसकट साऱ्यांना अशीच कळली. वाक्य खरे होते, व्याकरणशुद्ध होते. ते बोलण्याची परवानगी तेवढी कोणी दिली नव्हती. डिसेंबर २००७ मध्ये मार्क झकरबर्ग यांनी जाहीर क्षमा मागितली, पुढे दावा ९५ लाख डॉलरांवर मिटला व २००९ मध्ये बीकन बंद झाले.

दुसरा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे. स्त्रियांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवणाऱ्या फ्लो ह्या ॲपविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये केलेल्या तक्रारीत घटनांची नावेच पुरावा म्हणून पुढे आली. वापरणारीने गरोदरपणाचा आठवडा निवडला की ‘आर-प्रेग्नन्सी-वीक-चोझन’ अशा नावाची घटना फेसबुकसह अन्य कंपन्यांच्या विश्लेषणसेवांकडे जात असे. स्त्रीचे नाव त्यात असण्याची गरजच नव्हती. कर्त्याच्या घरी फोनचा ओळखक्रमांक होता आणि उरलेले सर्व नावाने सांगून टाकले होते. कोशकाराने स्पष्ट, अर्थवाही शब्द निवडावा ही अपेक्षा योग्यच. पण येथे नाव जितके चांगले तितकी हानी मोठी. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने ह्याच प्रकरणात मेटा कंपनीला कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली जबाबदार धरले.

कायद्यांचा क्रम सर्वपरिचित आहे. युरोपीय संघाचा माहितीसंरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने अन्य कंपन्यांच्या ॲप्सवर व संकेतस्थळांवर माग काढण्यापूर्वी परवानगी विचारणे सक्तीचे केले. जुलै २०२३ मध्ये गूगलने ॲनालिटिक्सची जुनी पद्धत बंद केली. नव्या पद्धतीत पान उघडणे हीसुद्धा अनेक घटनांपैकी एक घटना झाली. ज्या एककापासून आरंभ झाला होता ते आता कोशातील एक शब्द होऊन राहिले आहे.

भारतात ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याखालील नियम अधिसूचित झाले. ग्राहकाला द्यावयाच्या सूचनेसंबंधीच्या तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. ह्या अधिनियमात भाषेच्या अभ्यासकांनी पाहावे असे एक कलम आहे : सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकास मिळाला पाहिजे. अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी त्यांपैकी एक. नियमांप्रमाणे ही सूचना साध्या भाषेत असावी आणि घेतल्या जाणाऱ्या माहितीचे बाबवार वर्णन तीत असावे. म्हणजे आजवर केवळ यंत्रे आणि विश्लेषक वाचीत आलेल्या त्या इंग्रजी नावांमागील आशय आता मराठी वाक्यांत उतरवावा लागेल. ‘चेकआउट स्टार्टेड’चे काय करावयाचे? ‘पैसे भरण्यास सुरुवात झाली’ असे लिहिले तर ती कोणाची कृती हे कळत नाही. ‘आपण पैसे भरू लागलात आणि थांबलात, हेही आम्ही लिहून ठेवतो’ असे लिहिले तर ते कळते. दोन्ही अनुवाद शब्दकोशाच्या दृष्टीने समर्थनीय आहेत. त्यांपैकी कोणता छापला जाईल हे अद्याप ठरावयाचे आहे, आणि ते ठरविणाऱ्यांच्या बैठकीत मराठी जाणणारा कोणी असेलच असे नाही.